चार स्तंभ आणि बारा राशी: चिनी आणि पाश्चात्य पत्रिका एकत्र वाचायला शिकले, त्याची हकिकत

चिनी बाझी आणि पाश्चात्य सायन पत्रिका शेजारी ठेवून वाचायला शिकायचं, हे माझं वर्षभराचं काम होतं. बाझी म्हणजे जन्माचं वर्ष, महिना, दिवस आणि तास यांचे चार स्तंभ मांडून वाचायची चिनी पद्धत. सायन पत्रिका म्हणजे राशी ताऱ्यांवरून न धरता वसंतसंपातापासून, मार्चमध्ये दिवस-रात्र समान होतात तेव्हाच्या सूर्याच्या जागेपासून, मोजणारी. फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरुवात केली आणि मार्च २०२५ मध्ये शेवटची लेखी पत्रिका शिक्षिकेच्या हाती दिली. मी मूळची सांगलीची, आता सिंगापूरला असते. या विषयावर मराठीत धड काही सापडेना, आणि इंग्रजीत सापडतं ते बहुतेक 'तुमचा प्राणी कोणता, त्याची रास कोणती' एवढ्यावरच संपतं. म्हणून जे केलं ते क्रमाने लिहून ठेवते. याच वाटेने कोणी जाणार असेल तर जन्मवेळेचा आणि घड्याळाचा भाग तरी सावकाश वाचा. बाकीचं सगळं त्यावर उभं आहे.

एक गोष्ट सुरुवातीलाच सांगते. पत्रिकेवरून भविष्य अचूक सांगता येतं, असा माझा दावा नाही. पुण्यात जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ज्योतिषांची रीतसर चाचणी घेतली होती. २७ ज्योतिषांनी पत्रिका तपासून दिल्या आणि २००९ मध्ये प्रसिद्ध झालेला निष्कर्ष नाणेफेकीपेक्षा सरस नव्हता. तो मी मानते. माझ्यासाठी पत्रिका म्हणजे माणसाशी त्याच्या आयुष्याबद्दल शांतपणे बोलायची एक जुनी, घोटीव रीत आहे, आणि ती वापरायची तर तिचं गणित चोख हवं.

सायन पत्रिका मी बरीच वर्षं वाचत होते. बाझीकडे वळले ती शेजारच्या आंटींमुळे. ४ फेब्रुवारी २०२४ ला त्या दुपारी घाईघाईने निघाल्या होत्या, बँकेच्या यंत्रात पैसे भरायला. लिछुनच्या दिवशी खात्यात पैसे जमा केले की वर्ष बरं जातं असं इथे पुष्कळ लोक मानतात आणि यंत्रांपुढे रांगा लागतात. लिछुन म्हणजे वसंताची सुरुवात. मी विचारलं, नवं वर्ष तर १० तारखेला आहे ना? त्या म्हणाल्या, सणाचं वर्ष १० ला, पत्रिकेचं वर्ष आज. मला ते इतकं रंजक वाटलं की त्याच आठवड्यात कम्युनिटी क्लबमधल्या बाझीच्या प्राथमिक वर्गाला नाव घातलं. फी ३२० सिंगापूर डॉलर, वर्ग रविवारी सकाळी, इंग्रजीतून.

शिकवणाऱ्या बाई सत्तरीच्या, निवृत्त गणिताच्या शिक्षिका. सगळे त्यांना लाओशी (चिनीत 'शिक्षक') म्हणायचे, मीही. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाला जन्मतारीख, वेळ, गाव आणि चौथा प्रश्न विचारला: वेळ कोणी लिहून ठेवली होती? बहुतेकांकडे उत्तर नव्हतं. 'मग पुढच्या वेळी कागद आणा,' एवढंच बोलून त्या फळ्याकडे वळल्या.

माझी जन्मतारीख ३ फेब्रुवारी १९८४. आईला फोन केला तर ती म्हणाली, 'अगं, साडेसातच्या सुमाराला. बाहेर नुकतं ऊन पडायला लागलं होतं.' आईची आठवण पक्की असते, पण बाझीत तासाचा स्तंभ दोन तासांनी बदलतो आणि सायन पत्रिकेत लग्न, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवत असलेला राशीचा बिंदू, साधारण चार मिनिटांत एक अंश सरकतं. 'सुमाराला' चालणार नव्हतं.

भावाने जन्म-मृत्यू नोंदणी विभागात अर्ज दिला. अर्जावर आईवडिलांची तेव्हाची पूर्ण नावं, जन्माचं ठिकाण आणि साल लागतं. नोंदणी क्रमांक माहीत असेल तर शोध लवकर लागतो, तेव्हा घरात जुनी फोटोप्रत असेल तर आधी ती काढा. शोधशुल्क आणि दोन प्रती मिळून शंभर रुपयांच्या आत काम झालं, दाखला आठ-दहा दिवसांत हातात आला. पण दाखल्यावर जन्माची तारीख असते, वेळेचा रकानाच नसतो. हे आधी माहीत असेल तर हेलपाटा वाचेल: वेळेसाठी दाखल्याच्या मागे लागू नका.

वेळ सापडली ती दोन ठिकाणी. पहिली आईच्या ट्रंकेत, माझ्या जन्मानंतर गुरुजींनी पंचांगावरून मांडलेल्या पत्रिकेत. पिवळट लांब कागद, कोपऱ्यांना हळद, वर शके १९०५, रुधिरोद्गारी नाम संवत्सर, माघ शुद्ध पक्ष, लग्न मकर, रास कुंभ, नक्षत्र धनिष्ठा. आणि त्याखाली बारीक अक्षरात इष्टकाल: ० घटी ४० पळे. इष्टकाल सूर्योदयापासून मोजतात. घटी २४ मिनिटांची, पळ २४ सेकंदांचं, म्हणजे सूर्योदयानंतर १६ मिनिटं. त्या दिवशी सांगलीत सूर्य सात वाजून तीन-चार मिनिटांनी उगवला होता. जन्म ७ वाजून २० मिनिटांचा. तुमच्या घरी जुनी हस्तलिखित पत्रिका असेल तर कोष्टकं सोडून आधी हा इष्टकाल शोधा. त्यात घड्याळाची वेळ दडलेली असते.

दुसरा पुरावा प्रसूतिगृहाच्या रजिस्टरचा. डॉक्टर कधीचे निवृत्त झालेले, मुलीकडे पुण्याला गेलेले, म्हणून काही आठवडे थांबावं लागलं. परतल्यावर त्यांनी स्वतः माळ्यावरून गठ्ठा काढून दिला. भावाने फोटो पाठवला: शाईच्या रेघांच्या रकान्यात आईचं नाव, पुढे 'मुलगी, ७-२० सकाळ'. दोन वेगळ्या हातांनी लिहिलेली एकच वेळ. तो फोटो पाहून मला फार बरं वाटलं. गणित सुरू करण्याआधीच आपल्या जन्माच्या वेळी एवढी माणसं घड्याळाकडे पाहत होती, हे कळलं.

आता घड्याळाचा भाग. पाश्चात्य पत्रिकेच्या सॉफ्टवेअरला घड्याळाची वेळ, गाव आणि प्रमाणवेळ द्यायची. बाकीचं ते करतं. बाझीत तासाचा स्तंभ मात्र त्या गावच्या खऱ्या सूर्यवेळेवर धरतात. निदान आमच्या लाओशींच्या परंपरेत तरी. काही जण घड्याळाचीच वेळ घेतात. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ पूर्व रेखांशाची. सांगली ७४.५७ वर, म्हणजे जवळपास आठ अंश पश्चिमेला. दर अंशाला चार मिनिटं धरली तर सूर्य घड्याळापेक्षा ३२ मिनिटं मागे. शिवाय फेब्रुवारीच्या सुरुवातीला खरा सूर्य सरासरी सूर्याच्या (घड्याळ ज्यावर बेतलेलं असतं त्या) आणखी १४ मिनिटं मागे असतो. सगळं वजा करून माझी सूर्यवेळ ६ वाजून ३४ मिनिटं झाली. घड्याळाने मी सात ते नऊच्या, ड्रॅगनच्या प्रहरातली. सूर्याने पाच ते सातच्या, सशाच्या. ही दुरुस्त वेळ पाश्चात्य सॉफ्टवेअरमध्ये कधीही घालू नका. तिथे पाऊण तासाने लग्नाचे बारा-तेरा अंश चुकतील.

जुन्या जन्मतारखा पाहताना जास्त जपावं लागतं. मुंबईत १९५५ पर्यंत स्वतंत्र मुंबई टाइम चालत होता, प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागे. महायुद्धात १ सप्टेंबर १९४२ पासून १५ ऑक्टोबर १९४५ पर्यंत भारताची घड्याळं तासभर पुढे केली होती. सिंगापूर १९८१ संपेपर्यंत ग्रिनिचच्या साडेसात तास पुढे होतं, १ जानेवारी १९८२ पासून आठ तास. चीनमध्ये १९८६ ते १९९१ दर उन्हाळ्यात घड्याळ तासाने पुढे करत. रात्री अकरा ते एकच्या दरम्यानचा जन्म असेल तर आणखी एक तिढा: काही परंपरा अकराला दिवस बदलतात, काही बाराला. अशी पत्रिका आली की लाओशी दोन्ही मांडायला लावत आणि कुठली घेतली ते कारणासह लिहायला लावत.

मग प्रत्यक्ष मांडणी. बाझीत चार स्तंभ: वर्ष, महिना, दिवस, तास. प्रत्येक स्तंभात वर दहांपैकी एक खोड, म्हणजे एखादं तत्त्व, आणि खाली बारांपैकी एक फांदी, म्हणजे एखादा प्राणी. दोघांची जोडी साठांनी फिरते. आपल्याकडे प्रभवपासून अक्षयपर्यंत साठ संवत्सरं आहेत, तशीच ही साठी. फक्त चिनी साठी १९८४ मध्ये सुरू झाली आणि आपली १९८७ मध्ये, तीन वर्षांच्या अंतराने. लाओशी सॉफ्टवेअर वापरू देत नसत. चौकटींची वही, पेन्सिल आणि कोष्टक, एवढंच. 'हाताने मांडलं की हात थांबतो, आणि थांबला की शंका येते,' असं त्या म्हणायच्या.

वर्षाच्या स्तंभावरच माझा हात थांबला. १९८४ चं चिनी नववर्ष २ फेब्रुवारीला होतं, म्हणून उपाहारगृहातल्या कागदी चटयांवर छापलेल्या तक्त्यांप्रमाणे मी उंदराच्या वर्षाची. पण बाझीचं वर्ष लिछुनला बदलतं आणि तेव्हाचं लिछुन ४ फेब्रुवारीला, चीनच्या वेळेने रात्री ११ वाजून १९ मिनिटांनी, म्हणजे भारतीय वेळेने रात्री ८ वाजून ४९ मिनिटांनी होतं. माझा जन्म त्याच्या दीड दिवस आधीचा. म्हणून वर्ष ग्वेई-हाय, पाण्याचं डुक्कर, जुन्या साठीचं शेवटचं वर्ष. २१ जानेवारी ते २० फेब्रुवारीच्या दरम्यान जन्मलेल्यांनी ही तपासणी करावीच. तीही ठरावीक तारखेवरून नाही, त्या वर्षीच्या क्षणावरून. २०२५ मध्ये लिछुन ३ फेब्रुवारीला रात्री १० वाजून १० मिनिटांनी झालं. दरवर्षी ४ तारीख धरणारं कोष्टक अशा वर्षी चुकतं. हाँगकाँगची वेधशाळा हे क्षण प्रसिद्ध करते, मी तिथूनच घेते.

पूर्ण पत्रिका अशी उतरली: वर्ष ग्वेई-हाय, महिना यी-छौ, दिवस डिंग-माओ, तास ग्वेई-माओ. हाय म्हणजे डुक्कर, छौ म्हणजे बैल, माओ म्हणजे ससा. बाझीत माणूस म्हणजे दिवसाचं खोड. माझं डिंग, म्हणजे दिव्याच्या ज्योतीसारखा लहान अग्नी. महिना कडक थंडीचा, दोन्ही बाजूंना ग्वेईचं पाणी, आणि मध्ये आधाराला यी आणि दोन सशांचं लाकूड. घड्याळाची वेळ धरली असती तर तासावर ज्या-छन आलं असतं: पाण्याच्या जागी मोठ्या झाडाचं लाकूड. त्या एका बदलाने दबावाखालच्या माणसाची पत्रिका आधार मिळालेल्या माणसाची झाली असती. पाऊण तासाची दुरुस्ती कुठवर पोचते ते मला इथे दिसलं.

सायन बाजू मी पटकन सांगते. सूर्य, चंद्र, लग्न तिन्ही कुंभेत. सूर्य नुकताच उगवलेला, म्हणून बाराव्या घरात. वृश्चिकेत मंगळ आणि शनी, दोघांचा सूर्याशी केंद्रयोग, म्हणजे ९० अंशांचं, ताणाचं मानलेलं अंतर. गुरू मकरेत. घरच्या निरयन (ताऱ्यांवरून मोजलेल्या) पत्रिकेत लग्न आणि रवी मकरेचे आहेत, कारण १९८४ मध्ये अयनांश, म्हणजे दोन्ही मापांतला फरक, पावणेचोवीस अंशांच्या आसपास होता. ती पत्रिका मी या कामापुरती बाजूला ठेवली. दोन पद्धती जुळवताना तिसरी मध्ये आणली की कुठलं वाक्य कुठून आलं ते कळेनासं होतं.

पण या दोन पद्धती जुळतात तरी कुठे? मी हा प्रश्न मे महिन्यात लाओशींना विचारला. उत्तर न देता त्यांनी मला चोवीस ऋतुबिंदूंचा (वर्षाचे चोवीस टप्पे, लिछुन त्यातलाच एक) तक्ता दिला आणि प्रत्येकापुढे सूर्याचे सायन अंश लिहून आणायला सांगितलं. घरी लिहायला बसले आणि थरारले. लिछुन ३१५ अंशांवर, म्हणजे कुंभ १५. पुढच्या महिन्याची सुरुवात ३४५ वर, मीन १५. त्याच्या पुढच्या महिन्याची, चिंगमिंगची, १५ अंशांवर, मेष १५. बाझीचा प्रत्येक महिना सायन राशीच्या बरोबर मध्यावर सुरू होतो! दोन्ही पद्धती एकाच सूर्याचे तेच अंश, त्याच संपातापासून मोजतात. फक्त कापण्याची जागा अर्ध्या राशीने वेगळी.

म्हणूनच 'उंदीर म्हणजे धनू, बैल म्हणजे मकर' हे तक्ते मला पटत नाहीत. उंदराचा महिना अर्धा धनूत आणि अर्धा मकरेत पडतो, तो एका राशीला बांधताच येत नाही.

याचा इतिहास शोधायला मी व्हिक्टोरिया स्ट्रीटच्या राष्ट्रीय ग्रंथालयात बऱ्याच शनिवारी बसले. तिथे प्रवेश विनामूल्य आहे, संदर्भ विभागातली पुस्तकं घरी नेता येत नाहीत, तेव्हा वही न्या. आधी चीनमध्ये वर्षाचे कालावधीने चोवीस समान भाग करत. सूर्याच्या प्रत्यक्ष अंशांवरून ऋतुबिंदू ठरवायची रीत १६४५ च्या पंचांगापासून आली. ते जेझुइट धर्मप्रचारक आडाम शाल याच्या देखरेखीखाली, युरोपीय गणित वापरून तयार झालं होतं. म्हणजे मी जो सांधा शोधत होते तो पेइचिंगच्या दरबारात पावणेचारशे वर्षांपूर्वीच बसवलेला होता.

आणि त्याच्याही आधी आपल्याकडचे लोक तिथे होते. तांग राजवटीत भारतीय वंशाच्या गौतम सिद्धाने ७१८ च्या सुमारास भारतीय नवग्रह-गणित चिनीत आणलं. चिनी जुन्या ग्रहज्योतिषात लुओहौ आणि जिदू नावाचे दोन अदृश्य ग्रह भेटतात, ते आपले राहू आणि केतू. त्या पानावर ही नावं वाचताना मला माझ्याच आजोळचं कोणी भेटल्यासारखं झालं. वॉटरलू स्ट्रीटला ग्वानयिनच्या देवळाशेजारीच कृष्णाचं देऊळ आहे, चिनी भाविक दोन्हीकडे उदबत्ती लावतात आणि समोर रस्त्यावर भविष्य सांगणारे टेबल मांडून बसतात. ग्रंथालयातून बाहेर पडून मी तिथे जायचे. ही देवाणघेवाण आजही चालूच आहे.

सूर्याचे अंश हा एक सांधा झाला. दुसरा सांधा प्रश्नांचा. लाओशींची रीत मी आता कायम वापरते: दोन कागद, दोन वेगळे दिवस. पहिल्या दिवशी फक्त बाझी, दुसऱ्या दिवशी फक्त सायन. दोन्हींना तेच प्रश्न: या माणसाचा पिंड काय, त्याला बळ कुठून मिळतं, त्याला कशाचा ताण येतो, काम कसं करतो, सध्याचा काळ कसला. उत्तरं साध्या वाक्यांत, ग्रह किंवा खोडाचं नाव कंसात. नंतर तिसऱ्या कागदावर फक्त जुळणारी आणि न जुळणारी वाक्यं. चिन्हं एकमेकांवर चिकटवायची नाहीत.

सगळ्यात जास्त गोंधळ होतो तो तत्त्वांचा, आणि मराठी वाचकाला तर तिहेरी. पाश्चात्य तत्त्वं चार: अग्नी, पृथ्वी, वायू, जल. आपली महाभूतं पाच, त्यात आकाश. चिनी पाच, पण त्यात वायूही नाही, आकाशही नाही. लाकूड आणि धातू आहेत. शिवाय ती पदार्थ म्हणून वाचायची नसतात, ऋतूसारखी एकातून दुसरं निघणारी अवस्था म्हणून वाचायची: पाण्याने लाकूड वाढतं, लाकडाने आग पेटते. माझ्या पत्रिकेत धातू बैलाच्या पोटात दडलेला तेवढा. अशा वेळी 'धातू कमी आहे, हे कडं घाला' म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला एका दुकानात ८८ डॉलरचं दाखवलं. लाओशींनी वर्गात स्पष्ट सांगितलं होतं की जे तत्त्व नाही ते विकत घेऊन भरायचं नसतं, आधी त्याची गरज आहे का ते पाहायचं. मीही तुम्हाला तेच सांगेन: पैसे वाचवा.

माझ्या तिसऱ्या कागदावर एक वाक्य दोन्हीकडून आलं. सायनमध्ये सूर्यावर मंगळ-शनीचा केंद्रयोग, बाझीत ज्योतीला दोन बाजूंनी पाणी: ताणाखाली घडलेलं माणूस. पण त्या ताणातून वाट कशी निघते ते फक्त बाझीने सांगितलं: पाणी लाकडाला, लाकूड आगीला, म्हणजे अभ्यासातून. उलट कुंभेचा अलिप्तपणा सायनमध्ये तिहेरी, तर बाझीतली ज्योत मात्र ऊब मागणारी. हे जुळलं नाही. मी ते 'जुळत नाही' म्हणूनच ठेवलं. लाओशींना सगळं जुळवून आणलेला कागद आवडत नसे. त्या तो परत करायच्या.

ऑगस्टनंतर काळाचा भाग आला. बाझीत दहा-दहा वर्षांचे दशास्तंभ असतात, आपल्या महादशांच्या जागी समजा. पहिला कधी सुरू होतो ते जन्मापासून महिना बदलणाऱ्या लगतच्या ऋतुबिंदूपर्यंतच्या अंतरावरून काढतात. तीन दिवसांचं एक वर्ष. पुढे मोजायचं की मागे, ते वर्षाच्या खोडावर आणि बाई की पुरुष यावर ठरतं. माझं अंतर साडेसदतीस तासांचं, म्हणून पहिला बदल वयाच्या सहा महिन्यांनंतर आणि मग दर दहा वर्षांनी ऑगस्टमध्ये: २००४, २०१४, २०२४. पाश्चात्य पद्धतीतही जन्मानंतरचा एक दिवस म्हणजे आयुष्याचं एक वर्ष धरून पत्रिका पुढे सरकवतात. जन्मानंतरच्या मोजक्या दिवसांत पुढचं आयुष्य वाचायचं, ही कल्पना दोन्हीकडे आहे, फक्त माप निराळं.

मी एकाच लांब कागदावर वर दशास्तंभ आणि खाली शनी-गुरूचं गोचर, म्हणजे त्या त्या वर्षी ते आकाशात कुठे होते ते, काढलं. २०१३ अखेरीस शनी मूळ जागी परतला, २०१४ मध्ये दशास्तंभ बदलला. जुलैअखेर २०२४ ला मिथुनेतल्या गुरूचा माझ्या सूर्याशी नवपंचम (१२० अंशांचं, अनुकूल मानलेलं अंतर), ऑगस्टमध्ये नवा स्तंभ. ते वर्ष माझं खरोखर चांगलं गेलं. पण सांगली सोडून सिंगापूरला आले २०११ मध्ये, आयुष्यातला सगळ्यात मोठा बदल, आणि त्याची ठळक खूण दोन्हींत नाही. तेही त्याच कागदावर लिहिलं आहे. असा कागद करताना घटना आणि त्यांची सालं आधी वेगळी लिहून ठेवा, मग पत्रिका उघडा. नाहीतर डोळे हवं तेच शोधतात.

शेवटचं काम दुसऱ्या कोणाची तरी पत्रिका लेखी वाचायचं. आंटी स्वतःहून तयार झाल्या. लाओशींच्या नियमाप्रमाणे आधी त्यांची लेखी संमती घेतली, त्यात तब्येत, मृत्यू आणि पैसे गुंतवणं यांवर काही बोलणार नाही असं नमूद केलं. आंटींचा जन्म साठच्या दशकातला, सप्टेंबरच्या सुरुवातीचा, सिंगापूरचाच, रात्री साडेअकराचा. तेव्हाची साडेसात तासांची प्रमाणवेळ धरली तर सूर्य घड्याळाच्या ३५ मिनिटं मागे, आणि त्या दिवसांत खरा व सरासरी सूर्य जवळपास एकत्र असतात. सूर्यवेळ १० वाजून ५५ मिनिटं. पाच मिनिटांनी प्रहरही वाचला आणि दिवसाचा वादही. आंटींना आजवर सगळ्यांनी घड्याळावरून पुढच्या दिवसाचं खोड सांगितलं होतं. पाच मिनिटांचंच अंतर असल्यामुळे मी दोन्ही मांडून दाखवली.

वाचन त्यांच्या स्वयंपाकघरातच झालं, दीडेक तास. माझं कमी आणि त्यांचंच जास्त बोलणं झालं. 'बळ कुठून मिळतं' या प्रश्नावर दोन्ही कागदांनी धाकट्या भावंडांकडे बोट दाखवलं होतं. ते वाचल्यावर त्या उठल्या, गॅस बंद केला आणि बहिणीबद्दल सांगू लागल्या. बऱ्याच वर्षांचा अबोला होता. मी काही सल्ला दिला नाही. आठवड्याभराने जिन्यात भेटल्या तेव्हा म्हणाल्या, 'तिला फोन केला.' ग्रहांनी तो करायला लावला असं मी म्हणणार नाही. दीड तास कोणी त्यांना नीट प्रश्न विचारत होतं, तेवढं मात्र खरं.

मार्चमध्ये कागद दिले. लाओशींनी पेन्सिलीने एकच शेरा मारून परत केले: 'सहाव्या ओळीतलं वाक्य कुठल्या कागदावरचं?' उत्तर लिहून पुन्हा दिले, मग सही मिळाली.

खर्चाचं विचाराल तर वर्गाची फी ३२०, नंतरच्या मार्गदर्शनाचे २४० आणि ब्रास बासा कॉम्प्लेक्समधून घेतलेली शतवर्षीय पंचांगाची जुनी प्रत १८ डॉलर. सायन पत्रिकेला खर्च काही नाही, ती मांडून देणारी चांगली संकेतस्थळं मोफत आहेत. सवडीने केलं तर वर्षभर लागतं. चिनी लिपी यायलाच हवी असं नाही, पण ती बावीस अक्षरं, दहा खोडांची आणि बारा फांद्यांची, ओळखता आली पाहिजेत. पंधरवड्यात होतात. रोज सकाळी त्या दिवसाची जोडी वहीत लिहायची, मी अजून लिहिते.

आता बाबांची पत्रिका घेतली आहे. त्यांचा जन्म १९४४ चा, म्हणजे पुढे केलेल्या घड्याळाच्या काळातला, आणि सांगली तेव्हा संस्थान. गावातली घड्याळं तेव्हा कुठल्या वेळेवर चालत होती ते नव्वदीतल्या आत्याला विचारायचं आहे. भाऊ पुढच्या रविवारी तिच्याकडे जाणार आहे.